कमी साखरेचं कॉकटेल घरी करताय? मग या चुका टाळा (आणि टॉनिकला सोडा म्हणू नका)

डिसेंबर लागला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. "यंदा काहीतरी लाइट कर हं, साखर बंद आहे माझी." मग हेच लोक घरी स्वतः प्रयोग करतात आणि रात्री साडेदहाला ग्लासचा फोटो पाठवून विचारतात, हे असं का लागतंय गं? आता फोटोवरून चव कशी सांगायची. पण गंमत अशी की बहुतेक वेळा सांगता येते, कारण चुका त्याच त्याच असतात, माणसं फक्त बदलतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी होईन.

मी काही बारटेंडर वगैरे नाही. माहेर वेंगुर्ल्याचं, सासर पुण्याचं, घरात पाहुण्यांची ये-जा भरपूर, आणि नवऱ्याला फक्त व्हिस्कीत पाणी घालता येतं, त्यामुळे हे खातं दहा-बारा वर्षं माझ्याकडेच आहे. आणि हो, महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी वय २५ लागतं, त्याच्या खालच्यांनी कोकम सोडा प्यावा, तोही छान लागतो.

साखर काढली आणि लिंबू तसंच ठेवलं

सगळ्या चुकांची आजी ही. आणि मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे अधिकाराने बोलते.

नवऱ्याच्या ऑफिसची आठ माणसं जेवायला होती. दोघांना शुगर, एकीचं लग्न ठरलेलं म्हणून ती डाएटवर. मी म्हटलं डायकिरी करू, सोप्पी आहे, पांढरी रम, लिंबू आणि साखरेचा पाक, तीनच गोष्टी. माझं माप ६० मिली रम, ३० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक. पाक म्हणजे आपला साधा, जेवढी साखर तेवढंच पाणी. तर मी काय हुशारी केली, पाक काढून टाकला आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, शेक केलं, सुंदर ग्लासात ओतलं, वर लिंबाची चकती. चाखून बघितलं नाही कारण इकडे गॅसवर खोबरं भाजायला टाकलेलं आणि ते करपायच्या बेतात. ट्रे बाहेर गेला आणि बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या. मी डोकावले तर आठच्या आठ जण कैरी खाल्लेल्या पोरासारखे एक डोळा बारीक करून बसलेत आणि "छान, छान, एकदम फ्रेश" म्हणतायत. एका साहेबांनी आपला ग्लास हळूच मनीप्लांटच्या कुंडीत रिकामा केला. मनीप्लांट जगला. साहेब काही परत आले नाहीत.

झालं काय होतं, तर साखर आणि लिंबू ही जोडी आहे. गोडी कमी झाली की तेवढाच आंबटपणा दुप्पट लागतो. आपण सरबत करताना हे न सांगता करतो ना, लिंबू जास्त पिळलं गेलं तर वर चमचाभर साखर टाकतो, मग उलटं करताना डोकं का चालत नाही? साखर निम्मी करताय तर लिंबूही निम्म्याच्या आसपास आणा. माझं आताचं माप असं आहे: ४५ मिली रम, १५ मिली लिंबू, दीड छोटा चमचा पाक म्हणजे साताठ मिली, बोटाच्या चिमटीतलं मीठ, आणि शेक करून झाल्यावर वरून ६०-७० मिली गार सोडा. आधीच्या मापात पाकातून १२ ग्रॅम साखर जायची, आता चारेक ग्रॅम जाते, म्हणजे एक चहाचा चमचा. शून्य नाही. शून्याचा हट्ट करणाऱ्यांनी व्हिस्की-सोडा घ्यावा, आपल्या वडिलांची पिढी तेच प्यायची आणि त्याला कोणी लो-शुगर म्हणत नव्हतं.

मिठाला हसू नका. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि जी काय थोडी गोडी आहे ती वर आणतं, कलिंगडावर टाकतो तसंच. खारट लागलं म्हणजे जास्त झालं.

आणि सोडा का, तर साखर नुसती गोड करत नाही, तिच्यामुळे ड्रिंकला अंग येतं, जिभेवर जरा जड लागतं. ती काढली की सगळं पाणचट होतं आणि मग लोकांना वाटतं काहीतरी राहिलंय, आणि ते शोधायला ते बाटली उचलतात (त्यावर खाली येते). सोड्याचे बुडबुडे ती पोकळी बऱ्यापैकी भरतात. भिजवलेला सब्जा चमचाभर घातला तरी चालतो. काही जण छोल्यांच्या डब्यातलं पाणी घालून फेस काढतात, मी एकदा केलं, फेस भारी आला, पण घरच्यांना आधी सांगायची चूक केली त्यामुळे कोणी प्यायलं नाही.

अजून एक, याच्याच पोटातलं. बर्फ घालायच्या आधी चाखून "परफेक्ट" म्हणणारे लोक. गार झालं की जिभेला गोडी कमी कळते. कोमट असताना बरोब्बर लागलेलं मिश्रण बर्फात गेल्यावर आंबट वाटणारच, त्यात आधीच साखर कमी. चाखायचं ते शेक केल्यावर, चमच्याने, आणि मगच काय ते कमी-जास्त करायचं. तसंच "अर्धं लिंबू पिळा" हे माप नव्हे. उन्हाळ्यात कागदी लिंबू पिळून पिळून चमचाभर रस निघत नाही आणि पावसाळ्यात एकच लिंबू वाटी भरतं. मी आधी सगळी लिंबं वाटीत पिळते, बिया काढते आणि मग मापाने घेते. यात दोन मिनिटं जातात. ज्यांना दोन मिनिटं नाहीत त्यांनी बिअर आणावी.

टॉनिक म्हणजे सोडा नाही. नाही. नाही.

माझे धाकटे दीर. शुगर बॉर्डरवर आली, डॉक्टरांनी दम दिला, त्यांनी जिलबी सोडली, चहातली साखर सोडली, रम-कोक सोडलं आणि जिन-टॉनिक सुरू केलं. चार महिने मोठ्या अभिमानाने सांगायचे, "वहिनी, मी आता गोड काहीच घेत नाही, फक्त जिन आणि सोडा." मला वाटलं खरंच सोडा. मग गणपतीनंतर एका शनिवारी त्यांच्याकडे गेलो तर फ्रिजच्या दारात टॉनिकचे कॅन ओळीने उभे.

म्हटलं भावजी, हे काय?

"सोडाच की तो, जरा कडू असतो."

मी कॅन फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. चष्मा आणायला उठावं लागलं त्यांना, यातच सगळं आलं. १०० मिलीला ८-९ ग्रॅम साखर. कॅन ३०० मिलीचा. म्हणजे एका कॅनमागे २५ ग्रॅमच्या आसपास, पाच-सहा चमचे. शनिवारी तीन कॅन हे त्यांचं ठरलेलं, म्हणजे पाऊण वाटीच्या जवळपास साखर नुसत्या "सोड्यातून". जे कोक सोडलं म्हणून पाठ थोपटून घेत होते त्यात १०० मिलीला साधारण साडेदहा-अकरा ग्रॅम असते. फरक केवढा, तर कॅनमागे जेमतेम दीड चमचा.

"पण कडू लागतंय वहिनी, साखर असेल कशी?"

भावजी, कारल्याच्या भाजीत आई गूळ घालतात तरी ती कडूच लागते ना.

तेव्हा पटलं. टॉनिकमध्ये क्विनाइन असतं, ते इतकं कडू की ते पिण्यालायक व्हायलाच भरपूर साखर लागते, आणि त्या कडवटपणाच्या आड ती साखर लपून जाते. जीभ फसते, रक्त फसत नाही.

मग करायचं काय? माझी सवय सांगते, बरोबर का चूक माहीत नाही पण घरात सगळ्यांना आवडते. एक भाग टॉनिक, दोन भाग साधा सोडा. ग्लासात ४५ मिली जिन, ५० मिली टॉनिक, १०० मिली सोडा, लिंबाची साल चिमटून त्याचं तेल वरून उडवायचं, आणि कडवटपणा कमी वाटला तर बिटर्सचे (कडू मसाल्यांच्या अर्काचे) दोन-तीन थेंब. साखर चार ग्रॅमच्या आसपास राहते आणि जिन-टॉनिक प्यायल्याचं समाधानही. भावजींनी पहिल्यांदा नाक मुरडलं, आता पाहुण्यांना स्वतःचा शोध म्हणून सांगतात.

साखर नसलेलं डाएट टॉनिकही मिळतं, चालेल, पण एक लक्षात ठेवा. साखर असलेलं पेय पोटात जरा रेंगाळतं. डाएट मिक्सर तसं करत नाही, पोट लवकर रिकामं होतं आणि तोच पेग जास्त भरभर चढतो. "आज दोनातच कसं झालं" असं म्हणणाऱ्यांच्या ग्लासात बऱ्याचदा डाएट कोक असतं. सोबत खा. शेंगदाणे, काकडी, अंडी, काहीही.

आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर उपाशीपोटी मुळीच नाही. लिव्हर दारू निस्तरायला लागतं आणि रक्तात साखर सोडायचं त्याचं नेहमीचं काम मागे पडतं, त्यामुळे शुगर एकदम खाली जाऊ शकते, कधीकधी झोपल्यावर काही तासांनी. लक्षणंही नेमकी चढल्यासारखीच, घाम, तोल जाणं, बरळणं, त्यामुळे बाजूचे हसत बसतात. आपल्याला चालतं की नाही, किती चालतं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला फोटो पाठवून नको.

"नॅचरल" आहे म्हणून

मध साखरच आहे. गूळ साखरच आहे. खजुराचा पाक, नारळाची साखर, अगावे का काय ते, सगळं साखरच, फक्त बरणी महाग. मध थोडा जास्त गोड असल्याने कमी घालून भागतं, एवढाच काय तो फायदा, आणि तोही कोमट पाण्यात आधी सैल करून घातला तर. बर्फात सरळ टाकला की तळाला घट्ट गोळी होऊन बसतो आणि शेवटच्या घोटाला सापडतो.

स्टीव्हियाचे थेंब लोक सरबतासारखे पिळतात. एक थेंब, फार तर दोन. त्याची गोडी उशिरा येते आणि मग जायचं नाव घेत नाही, मागे ज्येष्ठमध चघळल्यासारखी चव राहते. एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी मिळते ती गोड पावडर, तिचा पाक करून फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी तळाला काचेचा चुरा पडल्यासारखे खडे दिसतील, घाबरू नका, गार पाण्यात ते तेवढं विरघळून राहत नाही. थोडा थोडा करा आणि लगेच वापरा. मला विचाराल तर अर्धा चमचा खरी साखर बरी.

डब्यातला "नो ॲडेड शुगर" संत्र्याचा रस: १०० मिलीला नऊ-दहा ग्रॅम असतेच, फळाची असली तरी. लाइम कॉर्डियल म्हणजे लिंबाचा रस नव्हे, हिरवा पाक आहे तो. हापूसचा डबाबंद रस बहुतेक वेळा साखर घातलेला असतो, लेबल वाचा. ऑरेंज लिकरमध्ये १०० मिलीला वीस-पंचवीस ग्रॅम सहज, आणि मार्गारिटात ती असतेच, त्यामुळे त्यातला पाक काढून "शुगर-फ्री" म्हणणारे स्वतःलाच फसवतायत.

आगळ प्रकरण

हे मला लिहायचंच होतं. सोसायटीतल्या एका मैत्रिणीने कुठेतरी कोकम-जिनची रेसिपी बघितली, त्यात ३० मिली कोकम सिरप. सिरपमध्ये साखर असते म्हणून तिने कोकण महोत्सवातून आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची बाटली आणली. विचार शंभर टक्के बरोबर, आगळात साखर नसते. पण आगळ टिकतं कशावर? मिठावर! तिने मोजून ३० मिली आगळ ओतलं, आणि रेसिपीत लिहिलंय म्हणून ग्लासच्या कडेलाही मीठ लावलं, आणि वर अर्धं लिंबू. मला फोन, "अगं समुद्रात पडल्यावर नाकातोंडात जातं ना, तसं लागतंय." तिच्या नवऱ्याने तेवढ्यात विचारलं म्हणे, सोलकढीत जिन कोणी ओतली.

आगळ दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, बास. मीठ नाही, कडेला नाही, आत नाही. लिंबू नाही, कोकम स्वतःच आंबट आहे. ४५ मिली जिन, ग्लासभर बर्फ, १५० मिली सोडा, एक हिरवी मिरची उभी चिरून, आल्याची एक पातळ चकती ठेचून. रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात. फारच रुक्ष वाटलं तर अर्धा चमचा पाक. आणि आगळाच्या बाटल्या सगळ्या सारख्या खारट नसतात, घरगुती असेल तर आधी पाण्यात थेंबभर घालून चाखा. माझ्या आईचं आगळ आणि बाजारातलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे मी मुलगी म्हणून म्हणत नाहीये.

साखर कमी केली, पेग वाढवला

वर म्हटलं ना, चव पातळ झाली की हात बाटलीकडे जातो. हिशोब बघा. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्या हिशोबाने ६० मिलीच्या पेगमध्ये नुसत्या अल्कोहोलच्याच साधारण १४० कॅलरी. डायकिरीतला २० मिली पाक काढून तुम्ही वाचवल्या पन्नासच्या आत, आणि "जरा कडक कर" म्हणत ३० मिली जास्त ओतून वाढवल्या सत्तर. हे कसलं लाइट? माझ्याकडे ४५ च्या वर माप जात नाही, कोणी कितीही चिडवू दे. स्टीलचा ३०-६० चा मापाचा पेला शे-दोनशे रुपयांत मिळतो तरी लोक बाटलीच्या झाकणाने नाहीतर "दोन बोटं" करत मोजतात, आणि बोटं काय, नवऱ्याची जाड, माझी बारीक.

खरंच हलकं हवं असेल तर ड्राय व्हर्मूथ (वनस्पती-मसाल्यांच्या चवीची, गोड नसलेली वाइन) बघा, मोठ्या दुकानांत मिळते. १५ ते १८ टक्क्यांची असते, ६० मिली व्हर्मूथ, वर भरपूर सोडा, संत्र्याची साल, संपलं. बाटलीवर ड्राय लिहिलंय ना बघून घ्या, लाल गोड वाली घेतलीत तर लिटरला १३० ग्रॅमच्या वर साखर. आणि उघडली की फ्रिजमध्ये. ती वाइन आहे, कपाटात व्हिस्कीशेजारी वर्षभर ठेवून मग "कसली बेचव" म्हणू नका.

आता फुटकळ. शेकरमध्ये सोडा घालून हलवू नका, झाकण उडतं, आमच्या छतावर अजून डाग आहे. सोडा गारच हवा, कोमट सोड्यातला गॅस ओतता ओतताच जातो. पुदिना वाटू नका, तळहातावर एक चापट मारून टाका, ठेचलात तर गवत चावल्यासारखं लागेल आणि साखर कमी असल्याने ते झाकायला काही नाही. बर्फ ग्लास भरून घाला, दोन खडे टाकले तर उलट लवकर वितळून पाणी होतं. आणि तो बर्फ ज्या फ्रीझरमध्ये सुका बोंबील आणि आलं-लसणाची पेस्ट आहे तिथला नको, गोड ड्रिंकमध्ये एकवेळ खपेल, यात पहिल्या घोटाला कळतं.

एवढं सगळं झेपत नसेल तर मार्च ते मे गोव्यात जा. माझी मावशी पेडण्याला असते, तिच्याकडे हुर्राक असतो, काजूच्या बोंडांची पहिली धार, पंधरा टक्क्यांच्या आसपास, फेणीच्या मानाने अगदी सौम्य. सगळे त्यात लिम्का ओततात. मी मावशीच्या डोळ्यादेखत लिम्का बाजूला सारून साधा सोडा, पाव लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली मिरची घातली तर ती म्हणाली, "पुण्याक जावन तुजी चव गेली गो." मग माझ्या ग्लासातला एक घोट घेतला, काही बोलली नाही, आणि तो ग्लास स्वतःकडेच ठेवला. फक्त हुर्राक तिथेच प्या, बाटली पिशवीत घालून महाराष्ट्राच्या हद्दीवर बांद्याच्या चेकपोस्टवर नशीब आजमावू नका.